‘मुळे’, ‘म्हणून’ आणि ‘कारण’: इंग्रजीत कार्यकारण लिहिताना नेमकं कुठे अडतं

‘पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला.’ हे साधं वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितलं की शाळेच्या वहीपासून कार्यालयातल्या ईमेलपर्यंत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते: ‘बिकॉज ऑफ इट रेन्ड, द मॅच वॉज कॅन्सल्ड.’ लिहिणाऱ्याला ‘बिकॉज ऑफ’चा अर्थ चांगला माहीत असतो. घोटाळा अर्थाचा नसतोच, तो आपल्या ‘मुळे’चा असतो.

मराठीतला ‘मुळे’ कशालाही चिकटतो. ‘पावसामुळे’ म्हणताना तो नामाला लागतो, ‘पाऊस पडल्यामुळे’ म्हणताना अख्ख्या घटनेला. दोन्हीकडे शब्द तोच, जागाही तीच. इंग्रजीत मात्र या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द लागतात. पुढे नाम असेल तर ‘बिकॉज ऑफ’: ‘बिकॉज ऑफ द रेन’. पुढे कर्ता-क्रियापदासह पूर्ण वाक्य असेल तर नुसतं ‘बिकॉज’: ‘बिकॉज इट रेन्ड’. ‘आजारी असल्यामुळे’ या एका मराठी शब्दजोडीची म्हणूनच दोन इंग्रजी रूपं होतात, ‘बिकॉज ही वॉज इल’ किंवा ‘बिकॉज ऑफ हिज इलनेस’. तिसरं, म्हणजे ‘बिकॉज ऑफ ही वॉज इल’, होत नाही.

कार्यकारण दाखवणारे इंग्रजी शब्द बहुतेक पुस्तकांत अर्थानुसार मांडलेले असतात: हे कारणाचे, हे परिणामाचे. पाठांतराला ती यादी बरी, पण लिहिताना ती कामाला येत नाही. लिहिताना पाहायचं ते एवढंच, की त्या शब्दाच्या पुढे काय उभं आहे. पुढे वाक्य येत असेल तर ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘अ‍ॅज’. पुढे नाम किंवा नामासारखा शब्दसमूह असेल तर ‘बिकॉज ऑफ’, ‘ड्यू टू’, ‘ओइंग टू’, ‘ऑन अकाउंट ऑफ’, ‘थँक्स टू’. आणि आधीचं वाक्य पूर्णविरामाने संपवून नवं वाक्य सुरू करायचं असेल तर ‘देअरफोर’, ‘अ‍ॅज अ रिझल्ट’, ‘कॉन्सिक्वेन्टली’.

शंका आली तर एक सोपी चाचणी आहे. जोडणारा शब्द बोटाने झाका आणि त्याच्या पुढचा मजकूर तेवढाच मोठ्याने वाचा. ‘द ट्रेन वॉज लेट’ हे स्वतःच्या पायावर उभं राहतं, म्हणून तिथे ‘बिकॉज’. ‘द लेट ट्रेन’ हे अर्धवट वाटतं, म्हणून तिथे ‘बिकॉज ऑफ’ किंवा ‘ड्यू टू’. ‘आयएनजी’ने संपणारं रूपही नामाच्याच रांगेत बसतं, जसं ‘बिकॉज ऑफ हिज कमिंग लेट’. व्याकरणाला ते चालतं, पण वाचायला जड जातं. तिथे सरळ ‘बिकॉज ही केम लेट’ लिहावं.

‘ड्यू टू’नंतर वाक्य आणायचाच हट्ट असेल तर लोक ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ असं ठिगळ लावतात. चूक नाही, पण एका ‘बिकॉज’च्या जागी पाच शब्द खर्च होतात आणि वाचकाच्या हाती जास्तीचं काहीच पडत नाही.

विरामचिन्हं: मराठीची सवय इंग्रजीत उतरते तेव्हा

मराठीत पूर्णविरामानंतर ‘कारण’ने नवं वाक्य सुरू करता येतं. ‘मी आलो नाही. कारण मला ताप होता.’ कुणालाही खटकणार नाही. हेच इंग्रजीत ‘आय डिड नॉट कम. बिकॉज आय हॅड अ फीव्हर.’ असं लिहिलं तर दुसरा तुकडा अपुरा ठरतो, कारण ‘बिकॉज’ लागलेलं उपवाक्य मुख्य वाक्यावाचून उभं राहत नाही. बोलताना, संवादात, जाहिरातीत ते चालून जातं. परीक्षेत आणि औपचारिक पत्रात गुण कापले जातात. उपाय सोपा आहे, मधला पूर्णविराम काढून टाका. तिथे बहुधा स्वल्पविरामही लागत नाही. ‘बिकॉज’चं उपवाक्य आधी आलं तर मात्र ते संपल्यावर स्वल्पविराम हवाच.

‘त्यामुळे’ची गोष्ट याच्या उलट आहे. ‘मला ताप होता, त्यामुळे मी आलो नाही’ असा स्वल्पविराम मराठीत शोभतो. म्हणून आपण सहज लिहून जातो, ‘आय हॅड अ फीव्हर, देअरफोर आय डिड नॉट कम.’ इंग्रजीत ही दोन पूर्ण वाक्यं आहेत आणि ‘देअरफोर’ हे क्रियाविशेषण आहे. दोन वाक्यं सांधण्याची ताकद त्याच्यात नाही, आणि एकट्या स्वल्पविरामातही ती नाही. तिथे अर्धविराम हवा, नाहीतर पूर्णविराम: ‘आय हॅड अ फीव्हर; देअरफोर, आय डिड नॉट कम.’ ‘हेन्स’, ‘दस’, ‘कॉन्सिक्वेन्टली’, ‘अ‍ॅज अ रिझल्ट’ या सगळ्यांना हाच नियम. अपवाद ‘सो’चा. ‘सो’ खरोखरच वाक्यं जोडतो, त्यामुळे त्याच्याआधी स्वल्पविराम पुरतो: ‘आय हॅड अ फीव्हर, सो आय डिड नॉट कम.’ अर्धविरामाची भीती वाटत असेल त्याने ‘सो’ वापरावा. तो हलक्या दर्जाचा शब्द आहे हा समज काढून टाकावा. अगदी कडक औपचारिक मजकूर सोडला तर तो सगळीकडे शोभतो.

‘हेन्स’बद्दल दोन शब्द. भूमितीच्या वहीत सिद्धतेखाली ‘हेन्स प्रूव्ड’ लिहून लिहून तो आपल्या हातात बसला आहे, आणि तिथून तो रजेच्या अर्जात येतो. रोजच्या पत्रात तो ताठर वाटतो. त्याची एक जागा मात्र खरोखर देखणी आहे. त्याच्यामागून क्रियापद न घेता नुसतं नाम येऊ शकतं: ‘द ब्रिज वॉज क्लोज्ड, हेन्स द डिले.’ ‘देअरफोर’ला हे जमत नाही.

एका कार्यकारणाला एकच गाठ

‘ज्याअर्थी… त्याअर्थी’, ‘जरी… तरी’, ‘जर… तर’. मराठीला दोन्ही टोकांना गाठ मारायला आवडतं, आणि तीच आपल्या वाक्याची लय आहे. इंग्रजी एकाच टोकाला गाठ मारते. ‘अ‍ॅज आय वॉज इल, सो आय कुड नॉट कम’ हे वाक्य आपल्याकडच्या असंख्य अर्जांत असतं, आणि त्यात ‘अ‍ॅज’ किंवा ‘सो’ यांपैकी एक जादा आहे. ‘अ‍ॅज आय वॉज इल, आय कुड नॉट कम’ किंवा ‘आय वॉज इल, सो आय कुड नॉट कम’. कुठलंही एक. ‘बिकॉज… देअरफोर’ आणि ‘सिन्स… सो’ यांचंही तेच. ‘दो… बट’ ही जोडीही याच घरातली, ‘जरी… तरी’तून आलेली.

अशीच दुहेरी गाठ ‘द रीझन इज बिकॉज’मध्ये आहे. ‘रीझन’मध्ये कारण येऊन गेलेलं असतं, मग पुन्हा ‘बिकॉज’ कशाला? ‘द रीझन इज दॅट’ पुरे. बोलण्यात इंग्रजी भाषकही हे सर्रास म्हणतात, पण लिहिताना संपादक खोडतात. ‘ड्यू टू धिस रीझन’ हे तर आपल्याकडच्या अर्जांचं पेटंट वाक्य. तिथे ‘फॉर धिस रीझन’ हवं. आणि ‘अनुपस्थितीचं कारण’ यातल्या ‘चं’मुळे ‘रीझन ऑफ अ‍ॅबसेन्स’ लिहिलं जातं, तेही ‘रीझन फॉर अ‍ॅबसेन्स’. ‘कॉज’ला मात्र ‘ऑफ’ लागतो: ‘द कॉज ऑफ द फायर’. ‘कॉज’ घटना घडवतो, ‘रीझन’ तिचं स्पष्टीकरण देतो. आगीला ‘कॉज’ असतो, राजीनाम्याला ‘रीझन’. मराठीत दोन्हीला ‘कारण’च म्हणतात, म्हणून इथे थोडं थांबून निवडावं लागतं. ‘कॉज फॉर’ही असतं, पण ‘कॉज फॉर कन्सर्न’सारख्या ठरलेल्या जोड्यांत, काळजी करण्याजोगं काही आहे या अर्थी.

‘म्हणून’चे दोन चेहरे

‘अभ्यास केला म्हणून पास झाला.’ ‘पास व्हावा म्हणून अभ्यास केला.’ पहिल्या वाक्यात परिणाम आहे, दुसऱ्यात हेतू. मराठीत फरक क्रियापदाच्या ‘व्हावा’ या रूपातून कळतो, ‘म्हणून’ जागचा हलत नाही. इंग्रजीत शब्दच बदलतो. परिणामाला ‘सो’: ‘ही स्टडीड हार्ड, सो ही पास्ड.’ हेतूला ‘सो दॅट’, आणि पुढे बहुधा ‘वुड’, ‘कुड’ किंवा ‘कॅन’: ‘ही स्टडीड हार्ड सो दॅट ही वुड पास.’ हेतूच्या वाक्यात तो पास झाला की नाही हे कळतच नाही. म्हणून अहवालात हा घोळ महागात पडतो. ‘पाइपलाइन बदलली, म्हणून गळती थांबली’ आणि ‘गळती थांबावी म्हणून पाइपलाइन बदलली’ यांत एकीकडे काम फत्ते झालेलं आहे, दुसरीकडे अजून कळायचं आहे. हेतूच्या वाक्यात ‘सो दॅट’आधी स्वल्पविराम देत नाहीत.

तिसरा प्रकार ‘इतका… की’चा: ‘सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’. बारावीच्या वाक्यपरिवर्तनात हा नेहमी भेटतो. इथे चूक होते ती ‘सो’ऐवजी ‘व्हेरी’ घालण्याची. ‘व्हेरी टायर्ड दॅट’ चालत नाही, कारण ‘व्हेरी’ला पुढचा ‘दॅट’ पेलत नाही. आणि विशेषणापुढे नामही असेल तर ‘सच’: ‘सच अ हेवी बॅग दॅट…’.

‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ हे ‘बिकॉज’चे बदली कामगार समजले जातात, पण त्यांचं काम थोडं वेगळं आहे. कारण वाचकाला आधीच ठाऊक असेल तेव्हा ते वापरतात, आणि बहुतेक वाक्याच्या सुरुवातीला: ‘सिन्स यू आर हिअर, लेट अस बिगिन.’ तुम्ही आलात हे दोघांनाही दिसतं आहे, बातमी पुढच्या भागात आहे. कारण हीच बातमी असेल तर ‘बिकॉज’ घ्यावा आणि तो भाग वाक्याच्या शेवटी ठेवावा. ‘व्हाय?’ असा थेट प्रश्न आला तर उत्तर ‘बिकॉज’नेच सुरू होतं, ‘सिन्स’ने नाही. शिवाय ‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ काळही दाखवतात. ‘सिन्स ही लेफ्ट द कंपनी, सेल्स हॅव फॉलन.’ तो गेल्यापासून की तो गेल्यामुळे? दोन अर्थ निघत असतील तिथे बेधडक ‘बिकॉज’ लिहावं.

असाच दुहेरी अर्थ नकाराच्या वाक्यात लपलेला असतो. ‘आय डिड नॉट जॉइन बिकॉज ऑफ द सॅलरी.’ पगार कमी म्हणून रुजू झालो नाही, की रुजू झालो पण पगारासाठी नव्हे? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर कळत नाही. पहिला अर्थ हवा तर कारण पुढे आणा: ‘बिकॉज ऑफ द सॅलरी, आय डिड नॉट जॉइन.’ दुसरा हवा तर ‘आय जॉइन्ड, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी.’

‘ड्यू टू’ने वाक्य सुरू करावं की नाही यावर जुना वाद आहे. ‘ड्यू’ हे मुळात विशेषण, म्हणून ते एखाद्या नामाबद्दलच बोलावं, ‘द डिले वॉज ड्यू टू रेन’ असं, हा जुना आग्रह. इंग्रजी वापराचे कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये ‘ड्यू टू’चा दुसरा वापर अशिक्षितपणाचा म्हणून झोडला होता. आज ‘ड्यू टू रेन, द मॅच वॉज कॅन्सल्ड’ हे वर्तमानपत्रांत आणि रेल्वेच्या फलकांवर सर्वमान्य आहे. तपासणारा जुन्या वळणाचा असेल तर ‘बिकॉज ऑफ’ वापरावं, वाद उरतच नाही. ‘थँक्स टू’ मात्र चांगल्या परिणामासाठी राखून ठेवा. अपघाताच्या अहवालात ‘थँक्स टू’ लिहिलं तर टोमणा मारल्यासारखं वाटतं.

बँकेच्या दारावरचं ‘बीइंग अ हॉलिडे, द बँक इज क्लोज्ड’ हेही कार्यकारणाचंच वाक्य. व्याकरणाप्रमाणे त्याचा अर्थ बँक हीच सुट्टी आहे असा होतो, कारण ‘बीइंग’ला स्वतःचा कर्ता नाही आणि ते पुढचा कर्ता ओढून घेतं. ‘अ‍ॅज इट इज अ हॉलिडे’ लिहिलं की प्रश्न मिटला.

क्रियापदांतून कारण

अव्ययांवर सगळी भिस्त ठेवली की लेखन साखळीसारखं वाजतं: सो, देअरफोर, हेन्स, अ‍ॅज अ रिझल्ट. सराईत लिहिणारे कार्यकारण क्रियापदात भरतात. तिथे पहिली खबरदारी दिशेची. ‘रिझल्ट इन’च्या पुढे परिणाम येतो, ‘रिझल्ट फ्रॉम’च्या पुढे कारण. ‘द फ्लड रिझल्टेड इन हेवी रेन’ लिहिलं तर पुराने पाऊस पाडला असा अर्थ झाला.

‘लीड टू’मधला ‘टू’ शब्दयोगी आहे, त्यामुळे पुढे नाम किंवा ‘आयएनजी’ रूप येतं: ‘लेड टू हिज लीव्हिंग’. ‘लेड टू लीव्ह’ नाही. भूतकाळाचं स्पेलिंग तीन अक्षरी आहे. चार अक्षरी स्पेलिंगचा तसाच उच्चार होतो तो शिसे या धातूचा, आणि तिथेच भले भले फसतात. ‘कॉन्ट्रिब्यूट टू’ही याच घडणीचं, पण ते अनेक कारणांपैकी एक एवढाच दावा करतं. ‘कॉज’नंतर आधी कर्म हवं, मग ‘टू’: ‘द रेन कॉज्ड द रिव्हर टू राइज’. ‘कॉज्ड टू राइज द रिव्हर’ नाही.

‘कॉज’ला एक रंगही आहे. इंग्रजी मजकुराच्या मोठ्या संग्रहांत पाहिलं तर त्याच्या शेजारी नुकसान, त्रास, मृत्यू, आजार असेच शब्द बसलेले दिसतात. म्हणून ‘द न्यू टीचर कॉज्ड इम्प्रूव्हमेंट’ ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. चांगल्या बदलाला ‘ब्रिंग अबाउट’ किंवा ‘लीड टू’ शोभतं.

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांचा गोंधळ इंग्रजी भाषकांनाही सुटलेला नाही. ‘ए’ने सुरू होणारं ‘अफेक्ट’ क्रियापद, ‘ई’ने सुरू होणारं ‘इफेक्ट’ नाम. ‘इफेक्ट’ला ‘ऑन’ लागतो, ‘अफेक्ट’ला लागत नाही. ‘वर परिणाम करणे’ या आपल्या रचनेतला ‘वर’ मनात असतो, म्हणून ‘अफेक्टेड ऑन द क्रॉप’ लिहिलं जातं. तो ‘ऑन’ काढायचा.

खात्री किती, तेवढाच शब्द

आता सगळ्यात जपून वागायची जागा. व्याकरण बरोबर असूनही वाक्य खोटं ठरू शकतं, जेव्हा शब्द पुराव्यापेक्षा मोठा असतो. अमेरिकेतल्या सिगरेटच्या पाकिटांवरचा इशारा यासाठी पाहण्यासारखा आहे. १९६६ पासून छापलेल्या पहिल्या इशाऱ्यात ‘मे बी हॅझर्डस’ होतं, म्हणजे आरोग्याला घातक असू शकतं. १९७० च्या कायद्याने ते ‘इज डेंजरस’ झालं, घातक आहे. १९८४ च्या कायद्याने शब्द आला ‘कॉजेस’: ‘स्मोकिंग कॉजेस लंग कॅन्सर’. ‘मे’पासून ‘कॉजेस’पर्यंत यायला अठरा वर्षं आणि कायद्याच्या तीन फेऱ्या लागल्या, आणि या प्रत्येक शब्दावर सिगरेट कंपन्यांचं बारीक लक्ष होतं. भारतात १९७५ च्या कायद्याने आलेलं ‘इज इन्ज्युरियस टू हेल्थ’ सगळ्यांना पाठ आहे. तेही हानिकारक म्हणतं, कुठला आजार होतो ते सांगत नाही.

लिहिताना हीच उतरंड हाताशी ठेवावी. दोन गोष्टी सोबत आढळल्या, एवढंच ठाऊक असेल तर ‘इज लिंक्ड टू’ किंवा ‘इज असोशिएटेड विथ’. एकाचा दुसऱ्याला हातभार आहे असं दिसत असेल तर ‘कॉन्ट्रिब्यूट्स टू’. शक्यता असेल तर ‘मे लीड टू’. आणि खात्री असेल तरच ‘कॉजेस’. प्रकल्प अहवालात आणि शोधनिबंधात ‘असोशिएटेड विथ’च्या जागी ‘कॉजेस’ पडला तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

एक परिच्छेद, आधी आणि नंतर

विषय आपल्या शेतातला घेऊ, रब्बी कांद्याचा. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो: ‘ड्यू टू अनसीझनल रेन फॉल्स इन मार्च, देअरफोर द अनियन क्रॉप गेट्स डॅमेज. बिकॉज ऑफ धिस, स्टोअर्ड अनियन रॉट्स फास्ट. हेन्स अरायव्हल्स आर रिड्यूस्ड. सो प्राइस इनक्रीजेस.’ चार वाक्यांत पाच गाठी आहेत. ‘ड्यू टू’च्या पुढे ‘फॉल्स’ हे क्रियापद आलं आहे, म्हणजे पहिल्याच चाचणीत नापास. त्यातच ‘ड्यू टू’ आणि ‘देअरफोर’ अशी दुहेरी गाठ. ‘गेट्स’पुढे ‘डॅमेज’ऐवजी ‘डॅमेज्ड’ हवं.

आता असं: ‘अनसीझनल रेन इन मार्च डॅमेजेस द अनियन क्रॉप जस्ट बिफोर हार्वेस्ट. बल्ब्ज दॅट हॅव टेकन इन वॉटर रॉट क्विकली इन स्टोरेज, सो फार्मर्स हॅव लेस टू सेल बाय सप्टेंबर. अरायव्हल्स फॉल, अँड प्रायसेस राइज अ‍ॅज अ रिझल्ट.’

गाठी दोनच उरल्या, ‘सो’ आणि ‘अ‍ॅज अ रिझल्ट’. पहिल्या वाक्यात ‘डॅमेजेस’ हे क्रियापदच कारण सांगून जातं. दुसऱ्यात ‘बल्ब्ज दॅट हॅव टेकन इन वॉटर’, म्हणजे पाणी प्यायलेला कांदा. तो चाळीत का सडतो हे त्या वर्णनातच आलं, तिथे ‘बिकॉज’ घातला असता तर वाचकाला कळलेलंच पुन्हा सांगणं झालं असतं. आणि काढणी ते सप्टेंबर हा मधला काळ लिहिल्यामुळे मार्चच्या पावसामुळे भाव सहा महिन्यांनी का चढतो, हा सगळ्यात महत्त्वाचा दुवा आता दिसतो. पहिल्या खर्ड्यात पाच जोडशब्द असूनही तो गळला होता.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या दुसऱ्या लेखनप्रश्नात, जिथे ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे असतात, कारण-परिणामाचा विषय वारंवार येतो आणि सुसंगतीला वेगळे गुण असतात. जोडशब्द यांत्रिकपणे पेरलेले दिसले की ते गुण वाढत नाहीत, घटतात. लिहून झाल्यावर दोन मिनिटं राखून ठेवावीत आणि फक्त जोडशब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. लागोपाठच्या तीन वाक्यांची सुरुवात जोडशब्दाने झाली असेल तर मधला खोडावा आणि ते वाक्य क्रियापदाकडे सोपवावं.